भुलाबाईच्या गाण्याची मालकी

...हां, तर तुळसाबाई मेथीची रिकामी टोपली घेऊन मालेगावात तनुजाच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती, तिथं काल गोष्ट राहिली. तनुजाचं दुकान म्हणजे झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पीक विमा, सगळं एकाच टेबलावर. भाजी विकून झाली की तुळसाबाई थेट घर गाठायची. त्या दिवशी मात्र मोबाईल पुढं करून म्हणाली, "पोरी, माह्या दुर्गीले कोनं काढून टाकलं, पाह्य बरं."

दुर्गी म्हणजे दुर्गाबाई, तिची धाकटी जाऊ. दोघींचा मळा एक, विहीर एक अन् भांडणही एकच. तेच त्यांनी वीस वर्षं पुरवून पुरवून चालवलं. पण भाद्रपदाची पौर्णिमा आली, अंगणात ज्वारीच्या धांड्यांचा मांडव होऊन मातीची भुलाबाई बसली, की महिनाभर भांडणाला सुट्टी. सांजेला दुर्गी पुढं म्हणायची, बाकीच्या बाया मागं. कामरगावच्या माहेराहून तिनं एक गाणं आणलं होतं. त्यात भुलाबाईचा नवरा भुलोजी बाजारातून किडकी वांगी आणतो अन् भुलाबाई रुसून बसते. दुर्गी ते असं म्हणायची, की डबा हलवून खिरापत ओळखायला आलेल्या पोरी खिरापतच विसरायच्या.

तुळसाबाईची लेक राधिका. लग्नाआधी तिनं दुर्गीच्या आवाजातलं ते गाणं मोबाईलवर घेतलं अन् एक चॅनेल उघडून त्यावर चढवलं. पुढं तो मोबाईल विहिरीत पडला, अन् दोन वर्षांमागं दुर्गी काविळीनं गेली. तिचा फोटो भिंतीवर आहे, लुगडी पेटीत आहेत. आवाज तेवढा त्या चार मिनिटांच्या व्हिडिओत उरला होता. रोज भाकरी टाकताना तुळसाबाई तो लावायची. तिचा नवरा रामराव चुलीपाशी बसून चिडवायचा, "जितेपनी तं तूच म्हनत होती, तिचा आवाज कानाले टोचते." ती आवाज आणखी वाढवायची.

तनुजानं वाचून सांगितलं. कुठल्याशा संगीत कंपनीनं तेच गाणं मागल्या वर्षी बँडबाजा लावून काढलं अन् आपल्या नावावर नोंदवलं. आता यंत्र आपोआप जुळवून पाहतं. ज्याच्या चॅनेलवर ते सापडेल, त्याच्यावर तक्रार, अन् व्हिडिओ बंद.

"पन आपलं तं चार वर्सं जुनं हाय."

"म्हनूनच तं काकू, आपन हरकत घेऊ. गानं तुमचं हाय असं लिवतो."

"माहं कुठं हाय?"

"मंग दुर्गाकाकूचं लिवू."

"तिचंबी नाई. तिले तिच्या मायनं शिकवलं, तिच्या मायले अजून कोनं."

"काकू, तिथं कोन पाह्यले येऊन राह्यलं? लिवू द्या न."

तुळसाबाई काही केल्या ऐकेना. भुलाबाईपुढं बसून 'हे माझं गाणं' असं कोणी म्हणत नाही. एकदा एका नव्या सुनेनं म्हटलं, तर बायांनी मागं म्हणणंच सोडलं. बिचारी एकटीच शेवटपर्यंत गात राहिली. "गानं आमचं नाई, सगळ्याईचं हाय, असं लिव," तुळसाबाई म्हणाली. तनुजानं कपाळावर हात मारला अन् सांगितलं तसंच लिहिलं.

त्यातलं 'आमचं नाही' एवढंच कंपनीच्या लोकांना पुरलं. आठव्या दिवशी उत्तर आलं : हरकत फेटाळली, अर्जदारानं स्वतःच मालकी नाकारली आहे.

या वेळी रामराव चिडवायला गेला नाही. त्यानं राधिकाला फोन लावला, जावयाचा मोबाईल धुंडाळायला लावला. कुठंच त्या गाण्याची दुसरी प्रत नव्हती. पौर्णिमा आली, भुलाबाई बसली. किडक्या वांग्यांच्या गाण्याची पाळी आली तेव्हा सगळ्या तुळसाबाईकडं पाहू लागल्या. ती पुढं म्हणू लागली, पण रोज ऐकूनही दुर्गीच्या आवाजाशिवाय दुसऱ्या कडव्यानंतर तिला आठवेना. मागं म्हणणाऱ्यांना तरी कुठलं आठवतं? दुसरं गाणं धरलं.

मग एका दुपारी मळ्यात भेंडी तोडताना फोन आला. अर्जावरचा नंबर पाहून कंपनीतल्या माणसानं केला होता; अर्जातलं 'सगळ्यांचं' त्यांना खुपत असावं. बोलायला मोठा गोड. म्हणाला, "मावशी, गाणं आमच्या कंपनीचं आहे अन् तुम्ही ते न विचारता वापरलं, एवढं सही करून पाठवा. आम्ही तक्रार मागे घेतो. संध्याकाळपर्यंत तुमचा व्हिडिओ परत दिसेल."

फोन मोठ्या आवाजावर होता. रामराव बांधावरून हातानं खुणावू लागला, हो म्हण, हो म्हण. एका सहीचा तर प्रश्न. तुळसाबाई भेंडीच्या ओळीत खाली बसली. तेव्हा ती बोलली ते असं :

"दादा, गानं माहं हाय असं खोटं म्या लिवलं नाई, तं तुमचं हाय असं कसं लिवू? माह्यानं होत नाई ते. पन तुमच्यापाशी तो व्हिडिओ असंल न, तं फोनपाशी धरून एक डाव वाजवा. मले तिले आयकू द्या. मंग तुमाले काय बंद कराचं ते करा."