रसातला काचेचा तुकडा

परवा बायकोने हापूसच्या रसाचा डबा फोडला आणि त्या वासासरशी मी हातखंब्याजवळच्या आमच्या जुन्या आमरसाच्या कारखान्यात जाऊन उभा राहिलो.

तिथे मी सुपरवायझर होतो. ‘चूक दिसली की लगेच सांगा’ ही पाटी मीच दारावर लावली होती, खरं तर पाहुण्यांना दिसावी म्हणून. काचेच्या बांगड्यांना आत मनाई होती. पण रस काढायच्या यंत्रावर काम करणाऱ्या, नुकतंच लग्न झालेल्या सुनंदाला हिरवा चुडा उतरव म्हणायला माझी जीभ रेटेना. वरून फडकं बांध, म्हटलं.

एका दुपारी तिने यंत्र बंद केलं.

“साहेब, बांगडी फुटली. तुकडा गावत नाय.”

“गाळणीत अडकेल गं,” मी हळूच म्हणालो.

“नि नाय अडकला तर? पोरं खातात हा रस.”

सगळ्या बायका थांबल्या. मालक आले. त्यांनी काठोकाठ भरलेल्या टाकीकडे पाहिलं आणि म्हणाले, “ओता सगळा.” केशरी रस खड्ड्यात गेला. “यंत्र तू थांबवलंस? बरं केलंस,” एवढंच ते तिला म्हणाले. तेव्हा मी घाबरलो होतो. आज त्या दोघांपुढे हात जोडावेसे वाटतात.

सुनंदाने नळावर साबण लावून उरलेल्या बांगड्या जपून उतरवल्या, रुमालात बांधून माझ्याकडे दिल्या.

“सुटी झाली की द्या हां. सासू बघेल.”

ते गाठोडं हातात घेऊन मी मालकांच्या खोलीकडे निघालो. तिला चुडा घालून आत कोणी सोडलं, हे त्यांनी अजून विचारलं नव्हतं.