साऱ्या बेटाला एकच किल्ली

कुलूपकाकांचं गाव चारशे वर्षांचं जुनं. तिथं भिंतीत खिळा ठोकायचा तरी कचेरीची परवानगी लागे. एका मास्तरांची किल्ली विहिरीत पडली, तर जुनं कुलूप तोडायची मंजुरी येईपर्यंत ते तीन महिने खिडकीतून ये-जा करत होते, आणि पाहुणे आले की त्यांनाही अदबीनं खिडकीतूनच आत घेत. अशा गावात कुलूपवाल्याला मरायला फुरसत नसते. काकांनी चाळीस वर्षांत हजारो कुलपं घडवली, पण एकाची किल्ली दुसऱ्याला म्हणून लागली नाही. अभिमान काय तो तेवढाच, पण डोंगराएवढा.

काकू गेल्यावर लेकीनं त्यांना हट्टानं आपल्या बेटावर नेलं. बेट म्हणजे एकतीस घरं आणि पंधरवड्यातून एकदा येणारी बोट. तिथली सगळ्यांत जुनी वस्तू म्हणजे शेजारची म्हातारी. घरांना दारं होती, पण ती वाऱ्यासाठी. कुणीही कुणाच्याही घरात शिरून हवं ते घेऊन जाई. पहिल्याच सकाळी काका दाढीचा आरसा शोधत चार घरं फिरले. चौथ्या घरात चहा मिळाला, ते सोडा.

"बाबा, कायमचे राहा ना इथंच," लेक म्हणाली.

"आणि करू काय? लाटा मोजू?"

येत्या बोटीनं परत जायचं त्यांनी नक्की केलं. लेकीनं पाठ फिरवून भांडी घासायला घेतली. त्यांतली निम्मी शेजारची होती.

जाण्याआधी आठवण म्हणून काकांनी लेकीच्या दाराला एक झकास कुलूप बसवलं मात्र, अख्खं बेट दारात. आत एवढं काय आहे, ही चौकशी. काही नाही म्हटल्यावर तर सगळे थक्कच. लेकीनं किल्ली बाहेरच खिळ्याला टांगली. मग लोक रांगेनं येत, कुलूप उघडत, आत डोकावत आणि नीट बंद करून घरी जात. तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं किल्ली समुद्रात नेली, आणि तोवर प्रत्येकाला कुलूप हवं झालं होतं. अट एकच: कुठल्याही घरची किल्ली साऱ्या कुलपांना लागली पाहिजे. शेजारी मीठ मागायला जायचं तर किल्ल्यांचा जुडगा कोण वागवणार?

काकांच्या डोक्यात तिडीक गेली. दोन दिवस ते तोंड फुगवून बसले, पण हात स्वस्थ बसेनात. एक करून बघू म्हणून कानस घेतली, तेव्हा कळलं की वेगवेगळी कुलपं करणं हा पोरखेळ होता. हुबेहूब सारखी करताना घाम फुटतो. बोटीच्या दिवसापर्यंत कशीबशी अकरा झाली.

त्या दिवशी होडी चालवणाऱ्या जावयानं त्यांची पेटी धक्क्यावर नेऊन ठेवली. काका चपला घालत होते, तोच शेजारची म्हातारी कुलूप हातात घेऊन समोर उभी राहिली.

"अहो कुलूपवाले, हे कसलं कुलूप? तुमच्या जावयाची किल्ली यात अडकते. चाळण न्यायला आला होता, बिचारा हात हलवत परत गेला."

चाळीस वर्षांत काकांच्या कुलपाविषयी एक तक्रार आली नव्हती, आणि आली ती ही, की ते परक्याला आत येऊ देत नाही. काकांचा चेहरा उतरला. ते उंबऱ्यावरच बसले आणि कुलूप खोलू लागले. बोटीनं भोंगा दिला. जावई धापा टाकत आला. "चला मामा, बोट थांबायची नाही."

"जाऊ दे तिला," काका मान वर न करता म्हणाले. "असा माल मागं टाकून मी तोंड कुठं दाखवू? जावईबापू, तुमची किल्ली द्या आधी."