बोहणीचा प्रश्न

चाकुरात आमच्या अप्पांचं किराणा दुकान आहे आणि अप्पांचा एक हट्ट आहे. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. बोहणीचा माणूस रिकाम्या हातानं गेला की दिवस वाया, हे त्यांचं ठाम मत. एकदा सिद्धरामकाका उजाडताच हिंग मागायला आले. दुकानात हिंग नव्हता. अप्पांनी घरात येऊन आईच्या डबीतला हिंग पुडीत बांधला आणि काकांच्या हातावर ठेवला. दोन दिवस आम्ही बिनहिंगाचं वरण खाल्लं. बोलणी मात्र एकट्या अप्पांनी खाल्ली.

मी स्वप्नाली, त्यांची थोरली. गल्ल्यापाशी बसूनच वाढले, त्यामुळे हा नियम माझ्याही हाडीमाशी खिळलाय.

रोज बसनं लातूरला कॉलेजात जाते. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. पोरांना धिटाई यावी म्हणून आमच्या मराठीच्या सरांनी प्रत्येकाला वर्गासमोर पाच मिनिटं बोलायला लावलं. माझा विषय मधमाशी, आणि पहिला नंबर माझाच. शाळेत मी दोन वेळा भाषण अर्ध्यात सोडून रडत खाली बसलेली मुलगी. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलत सुटले. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकत होती.

शेवटी तनुजानं हात वर केला. "कामकरी माशी किती दिवस जगते?"

मला माहीत नव्हतं. पण पहिलाच प्रश्न, परत कसा पाठवायचा? दिलं ठोकून, "दोन वर्षं!"

टाळ्या पडल्या. सर "शाब्बास" म्हणाले. तनुजानं वहीत लिहून घेतलं, वर लाल पेनानं चौकट केली.

बसमध्ये मोबाइलवर पाहिलं तर ऐन हंगामात जेमतेम सहा आठवडे. माझं तोंडच उतरलं. आयुष्यात एकदा भाषण जमलं होतं, ते मला मोडायचं नव्हतं. सांगितलं नसतं तर कोणाला कळणार होतं?

संध्याकाळी अप्पांना सगळं सांगितलं. वाटलं, नियम पाळला म्हणून खूश होतील. ते तराजू पुसायचे थांबले.

"बोहणीच्या गिऱ्हाइकाला न्हाई म्हनायचं न्हाई, खरं हाय. पण साखर मागितली तर मीठ बांधून दिलं का म्या कधी?"

"मग नसलं तर काय करायचं?"

"बस म्हनायचं, च्या पाजायचा. अन् सांजच्याला खरा माल घरपोच करायचा."

रात्रभर मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. त्यांना काय जातंय सांगायला!

सकाळी हजेरीच्या आधी उभी राहिले. "काल मी चुकीचं सांगितलं. दोन वर्षं नाही, सहा आठवडे. मला माहीत नव्हतं, तरी ठोकून दिलं." मागं हशा पिकला. तनुजाच्या वहीकडे एकदा वळून पाहिलं आणि खाली बसले.

घरी आले तेव्हा दुकानात गर्दी होती. शेंगदाणे मोजता मोजता अप्पांनी मान वर केली. हसले का, सर काय म्हणाले, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही.

"त्या पोरीनं वहीत दुरुस्त केलं का?"

"केलं, अप्पा."

"मंग झालं तुझं भाषन," म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.