पेटाऱ्यावरचं ताट

माझ्या मुलीला ऐकू येत नाही, हे कळायला आम्हाला तीन वर्षं लागली. त्यात माझा वाटा मोठा. नाटे गावात मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. ऐंशीच्या दशकात शिक्षिकेचा दरारा असे. लोकांच्या पोरांचे कान पिरगाळणारी मी, घरातले दोन कान मात्र तपासले नाहीत.

शंका पहिल्याच वर्षी आली होती. हाक मारली तर मुलगी वळायची नाही. मग माझ्या मोठ्या जाऊबाईंनी परीक्षा घेतली. पडवीत भात ठेवायचा लाकडी पेटारा होता. मुलीला त्यावर बसवलं आणि पाठीमागून पितळेचं ताट पेटाऱ्यावरच आपटलं. मुलगी गर्रकन वळली.

"अगो, आयकतंय बरं का पोर! उगीच घोर लावून घेतलास."

मग येणारा-जाणारा ताट आपटून बघू लागला. ती दर वेळी वळायची आणि मी खूश व्हायची. हादरा लाकडातून तिच्या अंगात जातो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. आमचे हे मुंबईत नोकरीला होते, म्हणून तिला तिथल्या मोठ्या इस्पितळात नेलं. डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडावर धरली.

"कान तर कामाचे नाहीतच. पण मेंदूतल्या पांढऱ्या भागातही थोडा दोष दिसतोय. इकडचा निरोप तिकडे जातो तो त्या भागातून. ही पोटात असताना तुम्हाला ताप, पुरळ आलं होतं?"

आलं होतं. मी कुळथाचं कळण पिऊन शाळेत गेले होते.

"शिकेल का ती?"

"फिल्मवरून ते सांगता येत नाही. शिकवून बघा. वेळ लागेल."

मी फक्त 'मेंदू' एवढंच ऐकलं. पोरीला वेडी ठरवायला गावात एक बाजाराचा दिवस पुरला असता. घरी आल्यावर फिल्म आणि रिपोर्ट ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी घातले.

रत्नागिरीत बहिऱ्या मुलांच्या शाळेत नाव घातलं. मुलगी माझ्या बहिणीकडे राहायची आणि मी शनिवारी एसटीने जायची. "आणखी काही तपासण्या झाल्यात?" तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. "नाही," मी म्हटलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

चार महिन्यांत बाकीची मुलं चित्र आणि वस्तू जुळवायला लागली. माझी नाही.

"हट्टी आहे हो," बाई म्हणाल्या. "दहादा दाखवलं तरी बघून न बघितल्यासारखं करते. हल्ली मी तिला भिंतीकडे तोंड करून बसवते. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर घरी न्या."

मी भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोपऱ्यात ती दिसली. भिंतीकडे तोंड, मांडीवर हात. ऐकू न येणाऱ्या मुलीला भिंत दाखवली की तिच्यापुरतं जग संपलंच. मला ट्रंकेतली फिल्म आठवली.

पुढच्या शनिवारी फिल्म घेऊन गेले. बाईंनी सोबतचा रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला.

"हे आधी दिलं असतंत, तर मी तिला भिंतीकडे बसवलं नसतं." त्यांचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला रागवायच्या ऐवजी त्या स्वतःलाच दोष देत होत्या.

त्यानंतर बाईंनी सगळं हळू केलं. आठवडाभर एकच वस्तू, एकच खूण. बाकीच्यांना दहा शब्द आले तेव्हा हिला दोन आले, पण पक्के आले.

दिवाळीत तिला घरी आणलं. ती पेटाऱ्यावर बसली होती. जाऊबाईंनी सवयीने मागून ताट आपटलं. ती वळली, खाली उतरली आणि जाऊबाईंचा हात धरून त्यांचा तळवा लाकडावर पालथा ठेवला. मग ताट घेऊन स्वतःच पेटाऱ्यावर आपटलं. आपल्या कानाला बोट लावलं आणि मान हलवली. नाही.

जाऊबाईंनी तळवा उचललाच नाही. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अगो, कळतंय गो हिला!"

मी पडवीच्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले.