आधी गाड्या, मग चाय

सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यासाठी परदेशातून आलेलं लोखंडी भंगार सोडवायला मी कस्टमच्या डेपोत जायचो, अन् तिथले साहेब माझा चहा दरवेळी परत करायचे. "पहिले गाड्या निघू द्या, भाऊ."

एक दिवस भंगाराअभावी कारखान्याची भट्टी बंद पडायला आली होती. "साहेब, काहून अडवून राहिले?" मी चिडलो. ते एकेक कंटेनर रिकामा करवत राहिले. एकातून तोफेचा जिवंत गोळा निघाला.

वाटलं, आता सगळाच माल अडकला. पण फौजेची माणसं गोळा घेऊन गेली, तसे साहेब तपासायला स्वतः उरलेल्या ढिगांवर चढले, अन् संध्याकाळच्या आत बाकी माल सुटला.

शेवटचा ट्रक हॉर्न वाजवत फाटकाबाहेर पडला. साहेबांनी दोन्ही हात वर केले.

"पाजा आता चाय, भाऊ! अन् साखर डबल!"