ने

सप्टेंबर संपत आला, तरी त्या ग्रीक बेटावर लख्ख ऊन होतं. बसची वाट पाहत मी एका भिंतीपाशी उभी होते. भिंतीवरून अंजिराची फांदी बाहेर झुकली होती. अंगणातल्या आजीबाईंना मी खुणेनंच विचारलं, एक घेऊ का? त्या म्हणाल्या, "ने."

माझा हात फांदीवरच थबकला. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो', हे ठाऊक होतं. पण कानांनी ते मराठीतच ऐकलं. माहेरून निघताना आई असंच म्हणायची, "ने गं, वाटेत खाशील." पिशवी जड होते म्हणून मी दरवेळी कुरकुरायचे. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नाही.

आजीबाईंनी ओंजळभर अंजिरं पुढे केली. सगळी मला? मी पुन्हा खुणेनं विचारलं.

"ने, ने."

मी मुकाट्यानं पिशवी उघडून धरली.