टिटवाळ्याहून आणलेला स्ट्रीमर

आमच्या डोंबिवलीच्या घरात गाणं ऐकण्याची जी यंत्रणा आहे, ती माझी आहे. हे सांगावं लागतं, कारण घरी येणारा प्रत्येक जण स्पीकरकडे बघून माझ्या नवऱ्याला म्हणतो, "साहेब, तुम्हाला बराच शौक दिसतो." नवरा म्हणतो, "मला नाही, हिला." मग ते माझ्याकडे बघतात आणि पाण्याची वेळ कोणती, असं काहीतरी विचारतात. नवरा महापालिकेच्या पाणीखात्यात असल्यामुळे तोही विषय बराच वेळ चालतो.

मी ठाण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर मी नोकरीत कायम झाल्यावर घेतले आणि ते अजून उत्तम चालतात. अडचण होती ती गाणं जिथून येतं तिथे. सीडी प्लेयर बंद पडल्यापासून मी मुलीचा जुना लॅपटॉप वापरत होते. त्याच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर निघायची आणि अॅम्प्लिफायरमध्ये जायची. लॅपटॉप गरम झाला की त्याचा पंखा सुरू व्हायचा. मी बहुतेक शास्त्रीय गायन ऐकते. माझ्याकडच्या एका मारव्याच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसरा तानपुरा किंचित उतरलेला आहे, असं माझं बरेच दिवस ठाम मत होतं. आमच्या स्टाफरूममधल्या एक बाई स्वतः गातात, त्यांना मी ते सांगितलंही. त्यांनी घरी जाऊन ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तानपुरा एकच आहे."

त्या संध्याकाळी मी गाणं थांबवलं, लॅपटॉप चालूच ठेवला. दुसरा तानपुरा वाजत राहिला.

मग मी चौकशी सुरू केली. या कामासाठी स्ट्रीमर नावाचा डबा मिळतो. शब्दकोशाएवढा असतो. इंटरनेटवरून गाणं आकड्यांच्या रूपात घेतो, त्या आकड्यांचा आवाज करतो आणि तो अॅम्प्लिफायरला देतो. दुसरं काही करत नाही. त्याला पंखाही नसतो. नवऱ्याला हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे लॅपटॉपपेक्षा कमी कामं करतो, म्हणून चांगला."

"हो."

"आमच्या खात्यात असे बरेच आहेत," तो म्हणाला आणि पेपर वाचू लागला.

वापरलेल्या वस्तूंच्या साइटवर मला हवं ते मॉडेल दिसलं. विकणारे गृहस्थ टिटवाळ्याचे होते. फोन लावला तर त्यांनी आधी माझे स्पीकर कोणते ते विचारलं. मी सांगितलं. मग खोली विचारली. हॉल म्हटलं.

"हॉल झाला. खाली काय आहे?"

"फरशी."

"नुसती?"

"सतरंजी टाकते कधी कधी."

"कधी कधी," ते म्हणाले. मग म्हणाले, "ऐकता काय?"

मी सांगितलं. "या मग रविवारी," ते म्हणाले.

टिटवाळ्याला जायचंच आहे तर गणपतीचं दर्शन होईल, म्हणून नवरा यायला तयार झाला. आम्ही गाडीने निघालो. कल्याण ओलांडेपर्यंत बरं गेलं, शहाडच्या पुलावर नेहमीप्रमाणे ट्रॅफिकमध्ये उभे राहिलो. दर्शन घेऊन त्यांच्या बिल्डिंगपाशी पोचलो तर दार पुरतं उघडायच्या आधीच त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, बोटाने गप्प राहायची खूण केली.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा आणि सून पूर्वी दिव्याला राहायचे, तिथे पाण्याचे हाल, म्हणून नात झाल्यावर सगळे इकडेच आले होते. हॉलच्या मधोमध पाळणा टांगलेला होता. डावीकडे एक स्पीकर, उजवीकडे एक, आणि बरोबर मध्ये नात झोपलेली.

"नुकतीच झोपलीये," काकू कुजबुजल्या.

काकांनी स्ट्रीमर सुरू केला. आवाज इतका बारीक ठेवला होता की काय लागलंय हे बघायला मला त्यांच्या फोनमध्ये डोकवावं लागलं. काका आणि मी एका स्पीकरपाशी कान नेऊन वाकून उभे राहिलो. शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी मला स्पष्ट ऐकू आली.

"ऐकलंत?" काकांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"छान आहे," नवरा म्हणाला. तो बाल्कनीच्या बाजूला उभा होता.

काका म्हणाले, बाळ आल्यापासून हे असंच आहे. मोठा आवाज करायचा नाही, आणि लहान आवाजात ऐकायचं तर मग हा डबा कशाला. म्हणून विकतोय. त्यांनी तो एका दुपट्यात गुंडाळला, मग मूळ खोक्यात घातला. दुपट्यावर बदकं होती. मी दोन्ही हात पुढे केले, तेव्हा त्यांनी तो लगेच दिला नाही. म्हणाले, "लावायला मीच येतो. पुढच्या रविवारी. तोपर्यंत नुसता ठेवा."

मी आठवडाभर तो नुसता ठेवला.

रविवारी ते सकाळी आले. खांद्याला शबनम, त्यात वायरी, टेप आणि एक बारकी कात्री. पहिल्यांदा त्यांनी सतरंजी टाकायला लावली. मग टेपने भिंतीपासून स्पीकरचं अंतर मोजलं आणि सोफा हलवायला सांगितला. सोफ्यावर जेवण झाल्यावर नवरा झोपतो, ती जागा ठरलेली आहे. ती जागा सरकून खोलीच्या बरोबर मध्यावर आली. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, म्हणजे ऐकायला सर्वांत चांगली.

मग त्यांनी मला म्हटलं, "आता तुमचं नेहमीचं लावा."

मी मारवा लावला. तानपुरा एकच होता. तो इतका स्वच्छ होता की गायकाने पहिला स्वर लावायच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला, आणि मग तो स्वर. मी हे रेकॉर्डिंग कितीतरी वेळा ऐकलं होतं आणि तो श्वास मला माहीत नव्हता. मला एकदम भरून आलं, पण घरात परका माणूस होता, म्हणून मी चहा टाकायला आत गेले. परत आले तेव्हा काका माझ्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. चहा निवला. आलाप संपला, पुढचं सुरू झालं, तरी ते तसेच. शेवटी म्हणाले, "पूर्ण आवाजात ऐकलं नव्हतं बरेच दिवस."

ते जेवूनच गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "कसा चाललाय?"

"चांगला."

"उजव्या बाजूला जरा जड वाटतोय का?"

"नाही."

"वाटेल. मी रविवारी येऊन बघतो."

ते आले. त्याच्या पुढच्या रविवारीही आले. कधी वायर बदलायची असायची, कधी स्ट्रीमरखाली ठेवायला रबराचे तुकडे आणलेले असायचे. मग कारण सांगणं बंद झालं. ते यायचे, चपला काढायचे, हातपाय धुवायचे आणि बसायचे. मी यादी काढून ठेवू लागले. आम्ही गाणं चालू असताना बोलत नसू. संपलं की ते एखादं वाक्य बोलत. "मध्यलय जरा घाईची झाली" असं. बऱ्याचदा मला ते पटायचं नाही, आणि ते न पटणं मी पुढच्या रविवारपर्यंत बाळगून असायचे. इतक्या वर्षांत मला असं कुणी मिळालं नव्हतं.

नवऱ्याचा प्रश्न झोपेचा होता. तो पहिल्या रविवारी बेडरूममध्ये गेला, पण तिथे त्याला झोप लागली नाही. दुसऱ्या रविवारी येऊन सोफ्यावर आडवा झाला. गाण्याने त्याला काही फरक पडला नाही. काकांना पडला.

"त्यांना जरा डावीकडे सरकवता येईल का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

मग काका सोफ्याच्या टोकाला, नवऱ्याच्या पायाशी बसू लागले. तिथूनही बरं येतं म्हणाले.

एकदा काकूंचा फोन आला. "हे पोचले का तुमच्याकडे?"

"हो, मघाशीच."

"एक विचारू का? काय करतात हो ते तिथे?"

"ऐकतात."

"आणि?"

"आणि जेवतात."

"बोलत नाहीत काही?"

"फारसं नाही."

काकूंनी जरा विचार केला. "मग इथल्यासारखंच आहे," म्हणाल्या. त्यांचं समाधान झालं असावं, पण खात्री करायला त्या पुढच्या रविवारी स्वतः आल्या. मुलाला आणि सुनेला एका लग्नाला जायचं होतं, त्यामुळे नातही सोबत होती.

नात रडतच आली. रिक्षात झोपली होती, ती जिना चढताना उठली म्हणे. काकूंनी तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, हॉलमध्ये दहा फेऱ्या मारल्या. मी खिडक्या लावल्या, पंखा हळू केला, नवऱ्याने मोबाइलचा आवाज बंद केला. आम्ही सगळे अगदी गप्प बसलो. ती जास्तच रडू लागली. काका म्हणाले, आज राहू दे गाणं. मी तोपर्यंत स्ट्रीमर बंद करायला फोन हातात घेतला होता, आणि त्यावर बोट भलतीकडे लागलं. तराणा सुरू झाला. द्रुत. तबला जोरात. काका आदल्या रविवारी ज्या आवाजात ऐकून गेले होते त्याच आवाजात.

नातीने रडणं थांबवलं. स्पीकरकडे बघितलं. मग काकूंच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

कुणी हललं नाही. तराणा संपला तशी ती चुळबुळ करू लागली. मी पुढचं लावलं. ती झोपली. काकूंनी तिला सोफ्यावर ठेवलं, नवरा उठून उभा राहिला. ती जवळजवळ दोन तास झोपली. मध्ये एकदा वीज गेली, तेव्हा उठली. वीज आली, तेव्हा झोपली.

काका हे सगळं बघत होते. जेवताना त्यांनी काकूंना विचारलं, "हिला शांततेत झोप लागते असं कोण म्हणालं होतं?"

"सगळ्याच बाळांना लागते," काकू म्हणाल्या.

"हिला?"

"गाडीतसुद्धा झोपते ती. आवाज लागत असेल बहुतेक."

"बहुतेक," काका म्हणाले. मग त्यांनी ताटातला भात संपवला.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "अगं, परत देऊन टाक त्यांना तो डबा. त्यांना लागणार आता."

मला द्यायचा नव्हता. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, विचारून तर बघ. मी तीन-चार दिवस विचारलं नाही आणि त्या दिवसांत रोज संध्याकाळी ऐकत बसले. मग फोन केला.

"काका, तुम्हाला तो परत हवाय का?"

"छे," ते म्हणाले. "तुमच्याकडे चांगला वाजतो तो. आमच्याकडे कधी असा वाजला नाही. खोली चौकोनी आहे आमची, आवाज घुमतो." मग म्हणाले, "मी दुसरा बघितलाय. जरा वरचं मॉडेल आहे."

मला इतकं हलकं वाटलं की मी अभिनंदन करायला विसरले.

त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत. दुसऱ्या रविवारीही नाहीत. मी यादी काढली होती, ती एकटीने ऐकली. मध्ये एका जागी मला वाटलं, इथे ते नक्की काहीतरी चुकीचं बोलले असते. सोफ्यावरून नवरा डोळे न उघडता म्हणाला, "हा मागच्या वेळचा गायक नाही ना? त्याचा आवाज जाड होता." मी बघत राहिले. इतके महिने तो सर्वांत चांगल्या जागी झोपत होता.

मग टिटवाळ्याहून जेवायचं बोलावणं आलं. दारात कुणी गप्प राहायची खूण केली नाही. दोन मजले खालपासून आलाप ऐकू येत होता. नात पाळण्यात हातपाय पसरून झोपली होती. काकांनी मला खुर्ची दिली, आम्ही ऐकलं. नवा स्ट्रीमर माझ्याकडच्यापेक्षा चांगला होता. थोडासा नाही, बराच. तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या दिसत होत्या, असं मी म्हणाले तर त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "खोली चौकोनी आहे तरी."

परतताना गाडीत मी काही बोलले नाही. शहाडला उभे असताना नवरा म्हणाला, "तुला पण तो घ्यायचाय."

"मी कुठे काही म्हटलं?"

"नाही म्हटलंस. पण काकूंच्या बासुंदीबद्दल पण काही म्हटलं नाहीस."

मी अजून घेतलेला नाही. आता एक रविवार ते आमच्याकडे येतात, एक रविवार मी त्यांच्याकडे जाते. नवरा दोन्हीकडे झोपतो, तिकडे त्याला एक गादी ठरवून दिली आहे. नात रांगायला लागली आहे आणि तिला वायरी आवडतात. त्यामुळे काकांनी दोन्ही स्पीकरपुढे कपडे वाळत घालायचे स्टँड आडवे लावले आहेत, आणि त्यावर लंगोट असतात. आवाज त्यातून जरा दबून येतो. गेल्या खेपेला ते म्हणाले, "वरच्या पट्टीतला थोडा जातो. पण वर्षभराचा प्रश्न आहे." मग त्यांनी एक लंगोट वाळलाय का ते हाताने बघितलं, घडी करून बाजूला ठेवला, आणि आम्ही ऐकू लागलो.